ऐकू की वाचू?

भाचीचा फोन आला, "मावशी, रोज दीड तास बसमध्ये जातो. ऑडिओबुकची वर्गणी भरू की पुस्तकंच विकत घेऊ?" गेल्या महिन्यात मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून सांगते.

साने गुरुजींची 'श्यामची आई' ऐकली. तिची रचनाच रात्री जमलेल्या मंडळींना गोष्ट सांगण्याची, त्यामुळे कानाला ती छान लागते. भाजी निवडता निवडता चार 'रात्री', म्हणजे त्यातली चार प्रकरणं, ऐकून झाली. कांदा चिरत नसतानाही डोळे पुसले, तो भाग वेगळा.

इरावती कर्व्यांचं महाभारतावरचं 'युगान्त' मात्र कागदावर वाचलं, आणि तेच बरं झालं. धर्मराजाचा पिता विदुर असेल का, या चर्चेत तीनदा मागची पानं उलटली. कानांनी हे जमत नाही. मागे सरकवताना नेमकं वाक्य हुकतंच.

खर्चाचं म्हणशील तर वर्गणी संपली की ऐकणं संपलं. पुस्तक कपाटात राहतं, शेजारणीलाही देता येतं (परत आलं तर). साने गुरुजींचं निधन १९५० सालचं, स्वामित्वहक्क कधीच संपलाय, म्हणून त्यांच्या स्वस्त आवृत्त्याही मिळतात.

ऑडिओत सगळी भिस्त वाचणाऱ्यावर. रडका सूर लागला की चांगली गोष्टही नकोशी होते, तेव्हा आधी नमुना ऐक.

प्रवास, स्वयंपाक, थकलेले डोळे यांसाठी कथा-कादंबरी ऐकावी. वैचारिक लेखन आणि कविता हातात धरूनच वाचावी. तू आधी एकाच महिन्याची वर्गणी भर. 'युगान्त' माझं घेऊन जा, फक्त पेन्सिलीच्या खुणा खोडू नकोस.