आगाऊ कर: चार हप्ते की मार्चमधला एकच भरणा?

फ्युचर्स आणि ऑप्शन्स या शेअर बाजारातल्या वायद्याच्या सौद्यांमध्ये ज्यांना बऱ्यापैकी नफा होतो, त्यांच्यापुढे दर जूनमध्ये तोच प्रश्न उभा राहतो: आगाऊ कर, म्हणजे वर्ष संपण्याआधीच भरायचा आयकर, चार हप्त्यांत भरावा, की सगळा कर १५ मार्चला एकरकमी भरून मधले व्याज सोसावे? मी दोन वर्षे एकरकमी भरला आणि गेली तीन वर्षे हप्त्यांनी भरतो आहे, त्यामुळे माझे मत अगदी तटस्थ आहे असे म्हणता येणार नाही.

कागदावरचा हिशोब एकरकमी भरण्याच्या बाजूने दिसतो. वर्षाचा कर ४ लाख रुपये धरला, तर जून, सप्टेंबर आणि डिसेंबरचे हप्ते चुकवल्याचे व्याज १६,२०० रुपये होते. तेवढ्या काळात तेच पैसे वापरून याहून अधिक कमावणाऱ्याला हे स्वस्त कर्जच वाटणार. शिवाय जानेवारीत नफा वाहून गेला, तर व्याजही त्या कमी झालेल्या करावरच बसते. ३१ मार्चही ओलांडून थेट जुलैमध्ये, विवरणपत्रासोबत कर भरणाऱ्यांना मात्र हेच व्याज ३६,२०० रुपयांपर्यंत जाते, तेव्हा तो पर्याय मी विचारात घेत नाही.

हप्त्यांची अडचण खरी आहे. १५ जूनपर्यंत वर्षाच्या कराचे १५ टक्के, सप्टेंबरपर्यंत ४५ आणि डिसेंबरपर्यंत ७५ टक्के भरलेले असावेत, अशी अपेक्षा असते. पण वर्षाचा नफा किती होईल हे ट्रेडरला जूनमध्ये कुठून कळणार? भांडवली नफा उशिरा झाला, तर मागच्या हप्त्यांचे व्याज माफ असते; आपले उत्पन्न व्यवसायाचे धरले जात असल्याने, असे उत्पन्न प्रथमच झाले ते वर्ष सोडले, तर ती सवलत आपल्याला नाही. उलट जास्त भरले गेले, तर परताव्यावर महिन्याला अर्धा टक्का मिळतो आणि कमी पडले तर एक टक्का द्यावा लागतो. हा व्यवहार एकतर्फीच आहे.

तरीही माझा कौल फिरला तो या आकड्यांमुळे नव्हे. एकरकमीच्या दुसऱ्या वर्षी, १३ मार्चच्या दुपारी, पैसे काढण्यासाठी ब्रोकरचे अ‍ॅप उघडले, तेव्हा काढता येण्याजोगी शिल्लक जेमतेम ११ हजार दाखवत होती. कराचे सगळे पैसे निफ्टीच्या विकलेल्या कॉल-पुट ऑप्शन्सच्या मार्जिनमध्ये, म्हणजे सौद्यासाठी ब्रोकरकडे ठेवाव्या लागणाऱ्या तारणात, अडकले होते. महिनाअखेरची ती पोझिशन, म्हणजे तो उघडा सौदा, व्यवस्थित चालली होती, प्रीमियम (ऑप्शनची किंमत) विकणाऱ्याच्या फायद्याने रोज थोडा थोडा विरघळत होता, आणि तरीही ती मला कापावी लागली. दुसऱ्या दिवशी पे-आउट बँकेत आला आणि १५ तारखेला चलन भरले. बाजाराने नव्हे, तर तारखेने मला बाहेर काढले, हे फार लागले. नंतर जुने स्टेटमेंट चाळताना लक्षात आले की, नोव्हेंबरपासून मी लॉट, म्हणजे सौद्यांचा आकार, वाढवत गेलो होतो ते सरकारच्या पैशांवर. एक लाखाचा तोटा झाला, तर कर फार तर ३१,२०० रुपयांनी कमी होतो. उरलेला खड्डा आपल्याच भांडवलाला पडतो.

आता मी वर्षाचा अंदाज बांधतच नाही. दर महिन्याच्या निव्वळ नफ्यातले ३० टक्के दुसऱ्या बँकेच्या बचत खात्यात वळवतो आणि प्रत्येक हप्त्याच्या तारखेपर्यंत प्रत्यक्ष झालेल्या नफ्यावरचा कर भरतो. वर्षाचा उत्तरार्ध जोरात गेला, तर थोडे व्याज लागतेच. गेल्या वर्षी ते तीन हजारांच्या आत होते आणि मला खुपले नाही. चलन भरताना आगाऊ कराऐवजी स्वयंनिर्धारण कर (वर्ष संपल्यावर, विवरणपत्राआधी भरायचा उरलेला कर) निवडला जाऊ नये, एवढे दर वेळी डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

ज्यांची कराची रक्कम मार्जिनपासून खरोखरच वेगळी राहते, त्यांना मार्चपर्यंत थांबणे कदाचित परवडेलही. पण एवढी शिस्त ज्यांच्यापाशी आहे, त्यांना हप्ते भरणेही फारसे जड जात नाही, असे मला दिसते.