ठाणे खाडीवर सहा महिने: १५०-६०० मिलिमीटर झूम लेन्सचा अनुभव

डिसेंबरमध्ये ही लेन्स मी वापरलेली पण सुस्थितीतली घेतली आणि मेअखेरपर्यंत बहुतेक रविवारी ती ऐरोली ते नेरूळ या खाडीपट्ट्यात वापरली. वजन जवळपास दोन किलो असल्याने तासाभरात मनगट भरून येते. मोनोपॉड, म्हणजे कॅमेऱ्याचा एकपायी आधार, सोबत हवाच.

मार्चमध्ये सकाळी नऊनंतरचे सगळे फोटो ६०० मिलिमीटरवर पुसट येऊ लागले, तेव्हा फोकस बिघडला असे समजून मी लेन्स दुरुस्तीला दिली. दोष लेन्समध्ये नव्हता. तापलेल्या चिखलावरून उठणाऱ्या हवेची थरथर लांब अंतरावर सारे तपशील पुसून टाकत होती, आणि तिच्यावर कोणतीही महागडी काच उपाय करू शकत नाही. उपाय एकच, पक्षी जवळ असताना फोटो काढणे, आणि ते ठरवते भरती.

ओहोटीला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) खाडीतल्या चिखलावर दूरवर चरतात, भरती चढली की नेरूळच्या डीपीएस तलावाकडे किंवा टी. एस. चाणक्यजवळच्या पाणथळीकडे सरकतात. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब इथे फार उपयोगी पडला. अष्टमीची भरती सहाच्या सुमारास येते, पण ती भांगाची, म्हणजे कमी चढणारी, असल्याने बराच चिखल उघडाच राहतो. पौर्णिमा-अमावास्येचे उधाण पक्ष्यांना जवळ आणते, पण ऐन दुपारच्या उन्हात. माझे सर्वांत चांगले फोटो एकादशी-द्वादशीला, आठ-नऊच्या भरतीचे आहेत.

लांब टोकाला लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र एफ/६.३ पर्यंतच उघडत असल्याने पहाटे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० च्या खाली जाता आले नाही, आणि काळ्या चिखलामुळे कॅमेरा फसून फिकट पिसे पांढरीफटक करतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, पाऊण स्टॉप कमी ठेवले. धाकट्या रोहिताची गडद किरमिजी चोच आणि थोरल्याची काळ्या टोकाची गुलाबी चोच आता फोटोत स्पष्ट ओळखता येते, यासाठीच मी ही लेन्स घेतली होती. ऐरोलीच्या बोटीत मात्र इंजिनाच्या कंपनामुळे मोनोपॉड बाजूला ठेवून, १/२००० शटरवेगाने हातानेच फोटो काढावे लागले.

निवट्यांसाठी, म्हणजे चिखलावर वावरणाऱ्या छोट्या माशांसाठी, ही लेन्स अपुरी ठरते, कारण पावणेतीन मीटरच्या आत फोकस होत नाही. तिवरांच्या कडेला एकदाच दिसलेला कोल्हा मात्र बांधावरून न हलता, त्याला न बिचकवता टिपता आला. थवा उडवून फोटो मिळवणारेही तिथे दिसतात. लांब लेन्स हाती असताना तसे करण्याची गरजच उरत नाही, म्हणून नोव्हेंबरमध्ये रोहित परततील तेव्हाही मी हीच लेन्स नेणार आहे.