बुटाची माती: आधी खनिजं तपासायची की परागकण?

गुन्ह्याच्या तपासात संशयिताच्या बुटाच्या तळव्याच्या खाचेतून चिमूटभर माती निघते. तेवढ्यात सगळ्या चाचण्या बसत नाहीत, म्हणून आधी काय करायचं हे ठरवावंच लागतं.

रंग सर्वांत स्वस्त. माती वाळवायची, मन्सेलच्या, म्हणजे रंगांच्या ठरावीक छटांच्या, तक्त्याशी लावून बघायची. पण गोव्यात नुसत्या रंगावर विसंबू नका. पेडण्याचा सडा (जांभ्याचं सपाट पठार), फोंड्यात चिरे काढलेली जागा, डिचोलीचा रस्ता, सगळीकडे जांभ्याची तीच तांबडी माती. रंग जुळला नाही तर जागा बाद करता येते. जुळला, तर हाती काहीच येत नाही.

खनिजतपासणी त्याहून भक्कम. सूक्ष्मदर्शकाखाली दाणे पाहिले तरी नमुना शिल्लक राहतो. खाणपट्ट्यातली लोहखनिजाची धूळ आणि किनाऱ्यावरचा शिंपल्यांचा चुरा लगेच वेगळे ओळखू येतात. अडचण एकच: एकाच सड्यावरच्या दोन जागा इथेही सारख्याच दिसू शकतात.

तिथे परागकण कामाला येतात. माती तांबडीच, पण कुळागरातली (सुपारीच्या बागेतली) असेल तर सुपारीचे पराग, डोंगरउतारावर काजूचे, खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) बांधावर खारफुटीचे. मानशीजवळच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराजवळच्या) चिखलात तर खाऱ्या पाण्यातले डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवालही सापडतात. गोव्यासाठी मला हीच तपासणी जास्त बोलकी वाटते. मात्र सुरूचे पराग वाऱ्याने लांबवर जातात, आणि पराग मोकळे करायला वापरलेल्या आम्लांत खनिजं विरघळतात. म्हणून क्रम उलटा करू नका: आधी खनिजं, मग पराग.

मातीतल्या जिवाणूंचा डीएनए मी शेवटी ठेवेन. ऋतू पालटला की जिवाणूंचं प्रमाणही पालटतं.

यातलं काहीही निवडा, बूट धुऊन माती एकत्र करू नका. 1908 साली जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ गेऑर्ग पॉप यांनी एका संशयिताच्या बुटांवरचे थर एकेक करून सोडवले. घटनास्थळाची माती त्यांत होती. तो ज्या स्वतःच्या शेतात गेलो म्हणत होता, तिथली नव्हती. थरांच्या क्रमावरून तो कुठून कुठे गेला हेही कळलं.

आणि तुलनेचे नमुने घ्यायचे ते घटनास्थळाचे, आसपासचे आणि संशयित सांगतो त्या जागेचेही. तेही पहिला मोठा पाऊस पडण्याआधी. ओली माती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, बुरशी धरते. सावलीत वाळवा, कागदात गुंडाळा, पुडीवर जागा आणि वेळ लिहा.