चालू खातं कुठल्या बँकेत? कराडच्या पाइपवाल्याचा हिशेब

नवीन दुकान टाकणारी पोरं येऊन विचारतात, "काका, चालू खातं कुठं काढू?" मी उलटं विचारतो, तुझा पैसा येतो कसा? रोख, चेक की स्कॅनरवर? ते कळल्याशिवाय बँकेचं नाव घेण्यात अर्थ नाही. चालू खात्यावर व्याज कुठंच मिळत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे. मग बघायचं एवढंच की आपला पैसा आत घ्यायला आणि बाहेर पाठवायला कोण किती कापतं आणि अडलं तर दाद कोण घेतं.

माझं पीव्हीसी पाइप, मोटारी आणि नळ-फिटिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक ऊसवालं. कारखान्याचं बिल जमा झालं की काउंटरवर उभं राहायला जागा नसते आणि आषाढ-श्रावणात माशा मारत बसायचं. तीन ठिकाणी चालू खाती चालवून बघितली: एक खाजगी बँक, एक राष्ट्रीयीकृत, एक सहकारी. नावं मुद्दाम लिहीत नाही. एकाच बँकेच्या दोन शाखांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि तुमच्या गावातली शाखा मी बघितलेली नाही.

खाजगी बँकेचा मुलगा स्वतः दुकानात आला. "सर, तुम्ही फक्त सह्या करा." उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी), गुमास्ता (दुकानाचा परवाना), जीएसटी, पॅन, आधार सगळं टॅबवर स्कॅन केलं आणि रस्त्यापलीकडं जाऊन पाटीसकट दुकानाचा फोटो काढला. फोटो बघून वरच्यांनी अडवलं. पाटीवर 'ट्रेडर्स', जीएसटीच्या दाखल्यावर 'ट्रेडिंग कंपनी'. एकट्याच्या मालकीचं दुकान असलं की फर्मच्या नावाचे दोन पुरावे मागतात आणि दोन्हीवर नाव अक्षरन् अक्षर सारखं लागतं. पाटी रंगवायला टाकण्याआधी हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगून ठेवतो.

त्यांचं ॲप मात्र झकास. दहा पार्ट्यांची पेमेंटं एका फाइलीत टाकली की सुटली. स्टेटमेंट एक्सेलमध्ये, जीएसटीचं चलन तिथंच भरायचं. आरटीजीएस, म्हणजे मोठी रक्कम बँकेतून बँकेत लगेच पाठवायची सोय, 14 डिसेंबर 2020 पासून चोवीस तास झालंय, पण रात्री दहा वाजता ते विनाकटकट करून दाखवणारं ॲप याच बँकेचं. माझा अकाउंटंट या खात्यावर खूश होता.

मी नव्हतो. कारण सरासरी शिल्लक, म्हणजे खात्यात सरासरी इतके पैसे ठेवा, नाहीतर दंड. हा विषय जरा नीट समजून घ्या, कारण माहितीपत्रकात सगळ्यात बारीक अक्षरात तोच असतो. बँक रोज दिवसअखेरची शिल्लक धरते. सकाळी पाच लाख भरले आणि दुपारी कंपनीला आरटीजीएस मारला, तर ते पाच लाख त्या हिशेबात आलेच नाहीत. आता समजा दहा हजारांची सरासरी राखायची आहे. ती तिमाही असेल तर 90 दिवसांत 3 लाख रुपये फक्त तीन रात्री खात्यात राहू द्या, सरासरी भागली. बाकी दिवस खातं कोरडं असलं तरी चालतं. सरासरी मासिक असेल तर दर महिन्याला 1 लाख तीन रात्री हवेत. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं. पण माझ्यासारख्याला, ज्याचा पैसा सुगीला येतो आणि पावसाळ्यात आटतो, मासिकवाल्या खात्यात मंदीच्या महिन्यात दंड बसणारच. तिमाहीवाल्यात निदान जुलै-ऑगस्टला सप्टेंबर सांभाळून घेतो. म्हणून खातं काढताना पहिला प्रश्न "किती" हा नको, "महिन्याची की तिमाहीची" हा हवा. नऊशे फुटांचं होर्डिंग लावतात, पण हे एक वाक्य त्यावर मावत नाही.

दुसरं, रोख. त्यांच्याकडं महिन्याला ठरावीक रकमेपर्यंत भरणा फुकट, त्यापुढं हजारामागं आकार आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. मूळ शाखा सोडून दुसरीकडं भरलं तर वेगळा आकार. मशीनमध्ये भरावं तर ते एका वेळी दोनशेच्या आसपासच नोटा घेतं आणि आमच्या गिऱ्हाइकाच्या नोटा म्हणजे कमरेच्या पिशवीत घामानं मऊ झालेल्या, चार घड्या पडलेल्या. मशीन निम्म्या परत तोंडावर मारतं. ज्याचा सगळा धंदा स्कॅनरवर आहे त्याला यातलं काहीच जाचणार नाही. मोबाईलचं दुकान, क्लासेस, ऑनलाइन माल विकणारे, यांनी बिनधास्त खाजगीत जावं.

आता राष्ट्रीयीकृत. ही शाखा 1 एप्रिल 2020 च्या विलीनीकरणात सापडलेली. जुनी बँक गेली, पाटी बदलली, शाखेचा आयएफएससी कोड बदलला, चेकबुकं बदलली, माणसं आणि काउंटर तेच. ॲप उघडायला वेळ लागतो आणि उघडलं की पासवर्डची मुदत संपलेली असते. खातं काढायला लागलेला वेळ आठवला तरी डोकं दुखतं. कुणी विचारू नका.

पण तिथली कॅशियर बाई! भरणा स्लिपवर पाचशेच्या किती, दोनशेच्या किती हे लिहून बंडल सरकवायचं. त्या आधी रबर काढून बंडल काचेवर दोनदा आपटतात, कडा सरळ करतात, अंगठ्यानं पिसून घडीची नोट बाजूला काढतात, हातानं सपाट करतात आणि मगच मशीनला लावतात. मशीननं फेकलेली नोट उजेडाकडं धरायची, ठीक असली तर आत, नसली तर "शेठ, ही बदलून द्या." तोंडातून दुसरा शब्द नाही. दहाच्या नाण्यांचं पण तसंच. मागं नाणी खरी-खोटी अशी आवई उठली होती, तेव्हा गावात कुणी घेईना. रिझर्व्ह बँकेनं 2018 मध्ये सगळी चौदा प्रकारची दहाची नाणी चालतात म्हणून सांगितलं, तरी काही बँकांत नाक मुरडतातच. या बाईंनी सांगितलं, शंभर-शंभरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या करून आणा. आणल्या, घेतल्या. ज्याच्या गल्ल्यात निम्म्याहून जास्त रोख आहे त्यानं बँक निवडू नये, असा काउंटर निवडावा. दुकानापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, आणि भरणा किती वाजेपर्यंत घेतात ते विचारून.

रोखीवरून आठवलं. कित्येक जण बचत खात्यावरच धंदा चालवतात. बचत खात्यात वर्षाला 10 लाख रोख जमा झाली की आयकराला कळवतात, चालू खात्यात ती मर्यादा 50 लाख आहे. आणि एका गिऱ्हाइकाकडून 2 लाख किंवा वर रोख घ्यायचीच नाही, कुठल्याही खात्यात भरा. ड्रिपचा मोठा सेट विकताना मी हे आधीच सांगतो. काहींना राग येतो, येऊ दे.

सहकारी बँकेत माझी सीसी आहे, म्हणजे कॅश क्रेडिट: ठरलेल्या लिमिटपर्यंत लागेल तेवढं उचलायचं, जमेल तसं भरायचं. सुगीच्या आधी माल भरायला पैसा लागतो आणि तो देताना समोरच्या मॅनेजरला उसाचं गणित समजावं लागतं. खाजगीवाल्यांनी संगणकात आकडे टाकून लिमिट निम्मी सांगितली. सहकारीच्या मॅनेजरनं दुकानात येऊन साठा बघितला, चहा घेतला आणि पुढच्या मीटिंगला फाइल ठेवली. आता तर सीसी नसेल तर अवघडच आहे. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक दिवसभर सलग वटायला लागलेत. पूर्वी चेक हातात दिला की दोन दिवस उसंत मिळायची, सगळं मार्केट त्या दोन दिवसांवर चालायचं. आता सकाळी दिलेला चेक संध्याकाळी खात्यातून गेलेला असतो. खात्यात नसेल तर परत, आणि मग चेक न वटल्याबद्दल कलम 138 ची नोटीस.

पण सहकारीत शिल्लक ठेवत नाही. आमच्याच गावातल्या कराड जनता सहकारी बँकेचा परवाना डिसेंबर 2020 मध्ये रद्द झाला. 2019 मध्ये पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या खातेदारांना पहिल्यांदा फक्त 1,000 रुपये काढू दिले होते. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हवर निर्बंध आले, पुढं ती सारस्वतमध्ये गेली. फक्त सहकारीतच असं होतं असंही नाही. मार्च 2020 मध्ये येस बँकेवर 50,000 ची मर्यादा आली होती. ठेव विमा 5 लाखांचा आहे आणि चालू खात्यालाही लागू आहे. मात्र दुकान एकट्याच्या नावावर असेल तर त्याच बँकेतलं तुमचं बचत, एफडी आणि दुकानाचं चालू खातं मिळून 5 लाख. भागीदारी फर्म असेल तर फर्मचा विमा वेगळा धरतात. आणि पतसंस्थेला हा विमा नाहीच. पिग्मीवाला रोज दारात येतो म्हणून ती बँक होत नाही. सीसीचं म्हणाल, तर तिथं देणं आपल्याकडं असतं, त्यामुळं झोप त्यांची उडते. निर्बंध आले तर लिमिटमधून उचल थांबते, हा धोका मात्र आहे.

म्हणूनच दुसरं चालू खातं वेगळ्या बँकेत हवंच. शेजारच्या मोबाईलवाल्याकडं कुणीतरी स्कॅनरवर पैसे देऊन हँडसेट नेला. ते पैसे म्हणे कुठल्यातरी फसवणुकीतले. परराज्यातल्या पोलिसांचा मेल बँकेला आला आणि बँकेनं तेवढी रक्कम न अडवता अख्खं खातं थांबवलं. पगार, भाडं, मालाचं पेमेंट सगळं अडकलं. बिल, सीसीटीव्हीचं फुटेज, आयएमईआय नंबर घेऊन बिचारा हिंडला. खातं काढण्याआधी शाखेत सरळ विचारा: असा मेल आला तर तेवढीच रक्कम धरता की सगळं खातं? मॅनेजरनं उत्तर दिलं नाही तरी त्याचा चेहरा बघून काय ते कळतं.

आणखी एक. बँकेत आपला जीएसटी क्रमांक नोंदवला आहे का ते बघा. आकारांवरच्या 18 टक्के जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून वजावट, आपल्याला मिळतं, पण क्रमांक नसेल तर ते जमा होत नाही. निम्म्या दुकानदारांनी हे कधी तपासलेलंच नसतं, असं माझा सीए म्हणतो. शाखा दाद देत नसेल तर आधी बँकेकडंच लेखी तक्रार करा, 30 दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही.

माझं सध्याचं असं: भरणा आणि चेक राष्ट्रीयीकृतमध्ये, सीसी सहकारीत, खाजगीचं खातं बंद. बंद करायलाही आकार लावतात, लवकर बंद केलं तर जास्त, तेव्हा कागद आधी वाचा. उरलेली चेकची पानं परत द्यायची, पैसे येणाऱ्या सगळ्या पार्ट्यांना नवीन खातं कळवायचं आणि सगळ्यांनी कळवल्याचं मान्य केलं तरी एखादा राहतोच. कोल्हापूरची एक पार्टी अजून त्या बंद खात्यावर आरटीजीएस करते, पैसे परत जातात आणि मग मलाच फोन येतो, "शेठ, तुमच्या बँकेत काहीतरी घोळ आहे बघा."