मावा पडलाय, मग सिरफिड माशी की लेडीबर्ड?

गुलाबाच्या कोंबांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला की तो संपवायला सिरफिड माशी बरी की लेडीबर्ड (ठिपक्यांचा छोटा भुंगा), हा प्रश्न येतोच. दोघींच्या अळ्या मावाच खातात, पण पद्धत वेगळी.

खादाडपणात लेडीबर्ड पुढे वाटते कारण ती स्वतःही खाते आणि तिची अळीपण. सिरफिडची मोठी माशी मावा खातच नाही, ती फुलांवरच्या मध-परागावर जगते, पण अंडी मात्र बरोबर माव्याजवळच घालते आणि त्यातून निघालेली बिनपायाची अळी मोठी होईपर्यंत काहीशे मावा सहज फस्त करते. बऱ्याचदा रात्री, म्हणून आपल्याला दिसतच नाही, आणि दिसलीच तर लोक कीड समजून चिरडतात 😅 (मीपण केलंय.)

परागीभवनात सिरफिड सरळ जिंकते. माशी दिसते मधमाशीसारखी, पण पंख दोनच आणि डंख नाहीच.

खर्च म्हणाल तर विकत आणून सोडलेल्या लेडीबर्ड बऱ्याचदा उडूनच जातात, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. सिरफिडसाठी थोडी कोथिंबीर, शेपू फुलावर येऊ द्या, बास. औषध फवारलंत तर मात्र दोघीही जातात. आणि मुंग्या माव्याची राखण करत असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त.

भाजी-फळझाडं असतील, फुलं ठेवायला जागा असेल तर सिरफिडच. फुलं नाहीत, नुसती पानांची झाडं आहेत आणि लेडीबर्ड आपसूक आल्यात, तर त्यांना राहू द्या, विकत आणू नका.