किल्लारीवर प्रकल्प करताय? मग संदर्भ कुठला धरायचा

पदवीच्या प्रकल्पाला किल्लारीचा भूकंप घेणारी दोन-तीन लेकरं दरवर्षी असतातच, आणि पहिल्याच आठवड्यात येऊन म्हणतात, "सर, तारीखच जुळत नाही." आपल्या वर्तमानपत्रांत ३० सप्टेंबर १९९३, अमेरिकेच्या भूकंपनोंदीत २९ सप्टेंबर, आणि आजी म्हणते, "गणपती बुडवले त्या रात्री." तिन्ही खरं आहे. धक्का बसला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. जागतिक नोंदींची वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, म्हणून तिथं आदल्या रात्रीचे १० वाजून २६ मिनिटं होतात. विसर्जन करून थकून झोपलेल्या गावांवर ती पहाट आली.

मृतांच्या आकड्याचं मात्र असं जुळवता येत नाही. कुठे आठ हजारांच्या आसपास, कुठे दहा हजारांच्या जवळ. इथं विकिपीडियाचा आकडा उचलून मोकळं होऊ नका. त्या पानाच्या तळाशी दिलेल्या संदर्भावर जा. आकडा कोणी मोजला, कधी मोजला ते बघा आणि दोन्ही आकडे त्या माहितीसकट लिहा. विषय समजून घ्यायला विकिपीडिया चांगलाच आहे, पण संदर्भसूचीत तो नको. एआयवर तर त्याहून कमी भरवसा ठेवा. त्याला संदर्भ मागितले की कधीही न छापलेलं पुस्तकसुद्धा तो लेखकाच्या नावासकट सांगतो.

शोधगंगेवर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध फुकट मिळतात. त्यांचा दर्जा सारखा नसतो. मी आधी संदर्भसूचीची फाइल उघडतो. तिथं सरकारी अहवाल आणि गावात जाऊन केलेलं सर्वेक्षण दिसलं तरच पुढं वाचतो. आणि शोधताना 'किल्लारी' एवढंच टाकू नका. बाहेरच्या अभ्यासकांनी याला 'लातूर भूकंप' म्हटलंय.

भूकंपाआधीचं गाव कसं होतं हे हवं असेल तर जिल्हा गॅझेटियरला, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाला, तोड नाही. पण लातूरच्या नावानं जुना खंड शोधत बसलात तर हात रिकामेच राहतील. लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधी औसा तालुका, म्हणजे किल्लारीही, उस्मानाबाद जिल्ह्यात होती. म्हणून खंड उस्मानाबादचा काढा. जनगणनेतही हीच गफलत होते: १९७१ चा उस्मानाबाद आणि २०११ चा उस्मानाबाद हे एकच क्षेत्र नाही, लोकसंख्या "घटली" असं लिहून बसाल.

आता प्रबंध की आजी? घरं का कोसळली याचं उत्तर अभियांत्रिकीच्या लेखात मिळतं: मातीत रचलेल्या दगडी भिंती, बाहेरचा आणि आतला थर एकमेकांत न गुंतलेला, वर जड छप्पर. पण ते छप्पर एवढं जड झालं कसं, हे आजी सांगते. माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर वर्षानुवर्षं त्यावर नवी माती पडत गेली, जुनी कोणी काढली नाही. कारणासाठी लेख धरा, जगण्यासाठी आजी. दोन्ही शेजारी ठेवता आलं तर तुमचा प्रकल्प इतरांपेक्षा वेगळा होईल. आकड्यांसाठी मात्र आजीला विचारू नका.

हाताशी दहाच दिवस असतील तर मी शोधगंगेचे दोन प्रबंध, गॅझेटियर आणि दोन मुलाखती एवढंच धरीन. वर्तमानपत्रांचे जुने अंक वाचनालयात मिळाले तर पहिल्या आठवड्यातल्या मृतांच्या आकड्यांपुढं 'प्राथमिक' असं जरूर लिहा.

मुलाखतीला जाताना फोन आधीच तोंडापुढं धरू नका. या माणसांनी एका पहाटेत घरचे चार-चार जण गमावलेत. चहा घ्या, बसा, रेकॉर्ड करू का म्हणून विचारा. नको म्हणाले तर वहीत टिपा: गाव, तेव्हाचं वय, बोलणं झाल्याची तारीख. नाव छापायचं की नाही, ते त्यांनाच ठरवू द्या.