कोलंबिया आणि प्रिन्स्टन : महानगरातले विद्यापीठ आणि गावातले विद्यापीठ

अमेरिकेतील ही दोन्ही खासगी विद्यापीठे त्या देशाच्या स्वातंत्र्याआधीची आहेत. प्रिन्स्टनची स्थापना १७४६ ची, तर कोलंबियाची १७५४ ची. कोलंबियाचे मूळ नाव 'किंग्ज कॉलेज' होते. राजसत्ता गेल्यावर १७८४ मध्ये ते बदलण्यात आले. प्रिन्स्टनमधील नासाऊ हॉलच्या भिंतीवर १७७७ च्या लढाईतील तोफगोळ्याची खूण आजही दिसते आणि १७८३ मध्ये काही महिने अमेरिकेची काँग्रेस याच इमारतीत भरत होती.

विद्यार्थीजीवनात मात्र दोन्हींची वाट वेगळी होते. प्रिन्स्टन हे छोटे गाव असल्याने विद्यार्थ्यांचे राहणे, जेवणे आणि मैत्री बहुतांशी परिसरातच घडते. तिथे विधी किंवा वैद्यकाचे महाविद्यालय नाही, त्यामुळे पदवीच्या विद्यार्थ्यांकडे प्राध्यापकांचे लक्ष अधिक राहते. कोलंबिया १८९७ पासून मॅनहॅटनच्या मॉर्निंगसाइड हाइट्समध्ये आहे. लो ग्रंथालयाच्या रुंद पायऱ्यांवर 'आल्मा मातेर'चा, म्हणजे मातृसंस्थेच्या स्त्रीरूपाचा, पुतळा असून, तिच्या वस्त्राच्या घडीत दडलेले घुबड शोधण्याची नवागतांची धडपड असते.

आपल्याला कोलंबिया अधिक जवळचे वाटते, याला सबळ कारण आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे दाखल झाले आणि तत्त्वज्ञ प्राध्यापक जॉन ड्यूई यांच्या वर्गात बसले. निवांतपणे अभ्यास करू इच्छिणाऱ्याने प्रिन्स्टन निवडावे. माझी स्वतःची ओढ मात्र कोलंबियाकडेच आहे, कारण तेथे वर्गाबाहेर पाऊल टाकताच अख्खे न्यूयॉर्क समोर उभे असते.